माशीबाई आणि रुमाल

माशीबाई मेण चघळत. पोळ्याचं, पिवळट-काळं मेण. मऊ झालं की तोंडातून काढून ते समोर बसलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या तळहातावर ठेवत. "घे, खोली बांध. माशी पण तोंडानच बांधता." गोळ्यापासून ओठांपर्यंत लाळेची तार लोंबत असे. मी भिंतीकडे बघत बसे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मालाडला, दिंडोशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंगल्याच्या आवारात बालमंदिर होतं, तिथे मला मदतनीस म्हणून घेतलं होतं. मी शिकले त्या कॉन्व्हेंटात माझ्या डब्यातला चमचासुद्धा वेगळ्या फडक्यात गुंडाळलेला असे. माशीबाई कुडाळकडच्या. गिरणीत असलेला नवरा वारल्यावर गावाहून एक लाकडी पेटी घेऊन आल्या होत्या, आत सातेरी जातीच्या मधमाश्यांची वसाहत. पेटी आवारातल्या आंब्याखाली होती, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. खरं नाव मी कधी विचारलंच नाही.

त्यांचा धडा म्हणजे चिकचिकाट. वाटीत गुळाचं पाणी. मुलांनी पपईच्या देठाने ते ओढायचं, गाल फुगवून धावत यायचं आणि दुसऱ्या वाटीत ओतायचं. ओतायचं म्हणजे थुंकायचंच. पुढच्या मुलाने त्याच वाटीतून पुन्हा ओढायचं. "मध असोच होता गो," त्या मला म्हणत, "एकीच्या तोंडातसून दुसरीच्या तोंडात. तू बाटलीतलो खातस तो काय वेगळो?" त्या दिवसापासून मी मध सोडला. मग पायांना तेल चोपडून मुलं परातीतल्या बेसनात नाचत, फुलावरचा पराग कसा चिकटतो ते कळावं म्हणून. घामाचा, तेलाचा, बेसनाचा तो लगदा मी मान वळवून घासून काढायचे.

एकदा त्यांनी पोळ्यातून पांढरी अळी चिमटीत काढली, मुलांना दाखवली, प्रत्येकाच्या बोटावरून फिरवली आणि तोंडात टाकली.

"बाई, ती जिवंत होती!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मगे? मेलेली खाऊ?" त्या चघळत म्हणाल्या. "खोबऱ्यासारखी लागता. बघतंस?"

मुलं खिदळली. मी मोरीवर जाऊन उभी राहिले. तेव्हापासून मी युडीकोलनचं सुवासिक पाणी शिंपडलेला रुमाल कमरेला खोचून येऊ लागले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतं, "वासाचा काय लावन पेटीकडे येव नको. माशी पिसाळता." मी मान डोलावली होती. रुमाल नाकाला लावायला होता, अंगाला नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बालमंदिर चालवणाऱ्या मोठ्या बाईंना ती पेटी खुपत होतीच. पालक कुरकुरत होते. मोठ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, एका जरी मुलाला माशी चावली तरी पेटी जाईल.

शेवटचा धडा मला सगळ्यात आवडायचा, कारण त्यात थुंकी नव्हती. उन्हं चढली की माश्या पेटीच्या दाराशी रांगेने बसून पंखांनी घराला वारा घालतात. मुलांनी एकेक करून पुढे जायचं, दारासमोर तळहात धरायचा, तो वारा अंगावर घ्यायचा. त्या दिवशी शकूची पाळी होती. तिचा हात गुळाने आणि कुणाकुणाच्या लाळेने चकचकत होता. मला ते बघवेना. मी रुमालाने तिचा तळहात खसाखसा पुसला आणि तिला पुढे ढकललं.

तीन माश्या डसल्या. शकूची किंकाळी बंगल्यापर्यंत गेली. माशीबाईंनी तिला मांडीवर घेतलं, नखाने काटे खरवडून काढले. मग तो सुजत चाललेला हात नाकाशी नेला. वर बघितलं ते थेट माझ्याकडे.

"कुणाची चूक?" मोठ्या बाई धावत येऊन ओरडल्या.

मी आवारातल्या फरशीवरच्या बेसनाच्या पाऊलखुणा मोजत होते.

"माजी," माशीबाई म्हणाल्या. "पेटी दूर ठेवूक होयी होती."

"मग न्या ती इथून."

"ती जाता तर मी हय काय करू?"

संध्याकाळी माश्या घरात परतल्यावर त्यांनी पेटीच्या दाराला चिंधी कोंबली, डोक्यावर चुंबळ ठेवली. पेटी उचलून द्यायला मीच होते. पेटीतून गुणगुण येत होती. मला बोलायचं होतं. "बाई, मी—" एवढंच निघालं.

त्यांनी एका हाताने पेटी सावरली, दुसऱ्या हाताने माझ्या कमरेचा रुमाल ओढून काढला आणि नाकाला लावला.

"शी!" त्यांचं सगळं तोंड वाकडं झालं. "धू गो ह्यो."

रुमाल माझ्या हातात कोंबून त्या फाटकाबाहेर पडल्या. माशीबाईंना कशाची किळस आलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.