कोंडाबाईचा बिल्ला

१९८९ साली वाळूजच्या ज्या कारखान्यात आम्ही औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायचो, तिथं एका सोमवारी सगळ्या बायांना छातीवर लावायचे नवे बिल्ले मिळाले. कोंडाबाईनं आपला बिल्ला माझ्यासमोर धरला.

"गीता, वाच गं. माझ्या डोळ्यावर माझाच इश्वास नाय."

बिल्ल्यावर लिहिलं होतं 'कविता'.

दगडाबाईच्या बिल्ल्यावर 'रेखा' होतं, उकंडाबाईच्या 'सुनीता'. महिन्याभरात परदेशी पाहुणे कारखाना बघायला येणार होते आणि पर्सनल खात्याच्या नव्या साहेबांना असली नावं त्यांच्यासमोर नको होती. दोघींनी मुकाट्यानं बिल्ले लावले. कोंडाबाईनं आपला टेबलावर ठेवला आणि कामाला लागली. दुपारी सुपरवायझरनं तिला गेटबाहेर काढलं. बिल्ला लावला तरच आत, असा हुकूम होता.

कोंडाबाई तेव्हा चाळिशीला आलेली. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि त्या रागात गावानं त्यांच्या वस्तीला आग लावली. नवरा मोतीराम आणि कडेवरची पोर घेऊन ती औरंगाबादेत आली. आधी चिकलठाण्याला, मग वाळूजला कामाला लागली. बजाजनगरात पत्र्याची खोली घेतली. नामांतराच्या एकाही मोर्चाला ती घरी बसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या पाळीला आली आणि गेटपाशी उभी राहिली. आत येऊ देईनात, तर बाहेर उभी. दहाच्या सुमारास साहेब स्वतः बाहेर आले. आम्ही शेडच्या दारातून बघत होतो.

"बाई, तुम्ही लोक अकरा वर्षं नाव बदला, नाव बदला म्हणून मोर्चे काढता," साहेब म्हणाले. "मग स्वतःचं बदलायला काय हरकत आहे? चांगलं नाव दिलंय."

"साहेब, तिथलं नाव आमी मागितलंय. हे तुमी दिलंय, मला न इचारता."

"कोंडा म्हणजे काय, माहीत आहे ना?"

"लई चांगलं माहीत हाय. त्या नावापायी माझं घर जळालं, या नावानं मी वाचले. नावाचं मोल मला बिल्ल्यावरून शिकवू नका."

साहेब वळून आत गेले.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही भाकरी घेऊन तिच्यापाशी गेलो. या नावानं कशी वाचलीस, असं मी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं.

तिच्या आधी आईची दोन लेकरं गेली होती. पोर आपली म्हटली की मरण नेतं, म्हणून ती दुसऱ्याला द्यायची आणि विकत घ्यायची, असा तेव्हाचा समज. पण महाराचं लेकरू घेणार कोण? धनगराच्या सारजाबाईनं तिला पदरात घेतलं. गाव काय म्हणंल, याची तिनं फिकीर केली नाही. पाच दिवस पोरीला अंगावर पाजलं. सहाव्या दिवशी आई सूपभर कोंडा घेऊन गेली आणि पोर विकत आणली.

"लोकांला वाटतं, पोरीची किंमत कोंडा," कोंडाबाई म्हणाली. "आई बाळंतीण असताना दोन दिवस लोकांचं दळण दळत व्हती, त्याची मजुरी तो कोंडा. त्याच्याच भाकरी व्हायच्या. घरात व्हतं नव्हतं ते सगळं तिनं सुपात घातलं."

उकंडाबाई खाली मान घालून ऐकत होती. तिला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवलं होतं, मरणाला किळस यावी म्हणून.

संध्याकाळी वस्तीतले नानासाहेब कोंडाबाईच्या खोलीवर आले. चळवळीतला शिकलेला माणूस, तिच्याबद्दल आदर असलेला. तेही म्हणाले, "अक्का, ही अंधश्रद्धा आहे. बाबासाहेबांनी आपल्याला यातूनच बाहेर काढलं. एखादं बौद्ध नाव घे आणि कामावर जा."

"कोंड्यानं मी जगले, असं मीबी मानत नाय, दादा. मला आईनं जगवलं. एका धनगरणीनं जगवलं. त्या दोघींचं आता दुसरं काय उरलंय?"

नानासाहेब उठताना म्हणाले, "उद्या मी येतो गेटवर."

ते आले, पण त्यांची गरज पडली नाही. तिसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना उकंडाबाईनं आपला बिल्ला काढला आणि गेटवरच्या रिकाम्या खोक्यात टाकला. माझं नाव बरोबर होतं, तरी मीही टाकला. बघता बघता चाळीस बिल्ले पडले. "आमाला बी घेऊ नका आत," उकंडाबाई म्हणाली. त्या आठवड्यात मोठी ऑर्डर जायची होती. साहेबांनी दुपारपर्यंत दम धरला, मग कोंडाबाईला आत बोलावलं. चार दिवसांनी सगळ्यांचे खऱ्या नावांचे बिल्ले आले.

त्याची शिक्षाही झाली. कोंडाबाईला पॅकिंगमधून काढून बाटल्या धुण्याच्या खात्यात टाकलं. सोड्यानं हाताची सालं निघायची. ती तिथं अकरा वर्षं राहिली. तो साहेब दीड वर्षात बदलून गेला.

नवे बिल्ले आले त्याच महिन्यात दगडाबाईनं मात्र 'रेखा'चा बिल्ला परत मागून घेतला. बायांनी तिला टोमणे मारले, फितूर म्हटलं. ती मोरीपाशी रडत बसली होती. लहानपणापासून सगळे 'धोंडा, धोंडा' म्हणून चिडवायचे, हे तिनं पहिल्यांदा सांगितलं.

कोंडाबाई ओले हात पुसत आली आणि आम्हा सगळ्यांना म्हणाली, "तिचं नाव तिला टोचतं, माझं मला टोचत नाय. आता तिनं सोताहून मागून घेतलंय. कुनी काय बोलायचं नाय."

मग तिच्याकडं वळली. "ऊठ रेखा. चहा घे."