याडीपुढचा रिकामा रकाना

रशीद गुरुजींची आणि माझी पहिली ओळख म्हणजे त्यांनी मला मारलेली थप्पड. गुरुजींच्या गौरवग्रंथात हे शोभत नाही, असं संपादक मंडळींचं म्हणणं पडलं. पण "तेच लिहिणार नसशील तर लेख देऊ नको," अशी खुद्द गुरुजींची अट आहे, आणि त्यांचा शब्द मी मोडत नाही.

गुरुजी फुलसावंगीकडच्या आमच्या शाळेवर नवेच आले होते. वर्गात तांड्यावरची मी एकटी. चार दिवसांच्या खाड्यानंतर गेले, तर त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, "मारी याडी मरगी." माझी आई वारली होती. आमच्या बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात, हे गुरुजींना ठाऊक नव्हतं. त्यांना ऐकू आलं 'येडी'. वर्ग फिदीफिदी हसला, मी उलट बोलले असं समजून त्यांचा हात उठला, आणि शाळा सुटेपर्यंत मी व्हरांड्यात उभी राहिले.

माझे वडील, बापू, न्यायला आले, तेव्हा गुरुजींना सगळं कळलं. संध्याकाळी ते तांड्यावर आले आणि खाली मान घालून बसले. शेवटी बापूंना म्हणाले, "भाऊ, माफी मागाले तोंड नाही. मले तुमची बोली शिकवा."

ती ते शिकले. घरी उर्दूमिश्रित हिंदी, शाळेत मराठी आणि तांड्यावर आमची बोली, असा त्यांचा दिवस जाई. आमचे पूर्वज बैलांवर धान्य लादून मुलूखभर हिंडले आणि जातील तिथले शब्द उचलत आले. गुरुजींनी ते एका वहीत टिपले. पांढरकवड्याकडच्या शाळांसाठी तिथल्या कोलाम आदिवासींच्या कोलामी शब्दांची वेगळी वही केली. एका साहेबांनी टोकलं, "मराठी शाळेत मराठी शिकवा." गुरुजी शांतपणे म्हणाले, "मराठीच शिकवून राह्यलो, साहेब. पण लेकराचं दुखणंच नाही समजलं तर पाटीवर लिहू काय?"

वहीतला पहिला शब्द 'याडी'. त्यापुढचा अर्थाचा रकाना रिकामा आहे. मी शिक्षिका झाले, त्या दिवशी त्यांनी वही माझ्या हाती दिली. "मी चुकीचा अर्थ लावलो होतो, बाई. खरा तू लिही." राग माझा केव्हाच गेला होता. व्हरांड्यातली ती दुपार मात्र गेली नव्हती, म्हणून मी लिहिलं नाही.

मागच्या महिन्यात यवतमाळला माझ्या सात वर्षांच्या नातीनं ती वही उघडली. तिच्या घरात आता 'मम्मी' आहे. तिनं विचारलं, "आजी, याडी म्हणजे येडी का?" माझ्याच नातीनं. मला हसताही आलं नाही, रडताही नाही. सगळ्या भाषांतून उचलत आलेली आमची बोली आता त्यांच्यातच विरून चालली आहे, आणि चूक तेवढी जिवंत राहिली आहे.

गुरुजींची नजर आता अधू झाली आहे. भेटले की विचारतात, "लिहिलं का?" नातीला मी अर्थ तोंडी सांगितला, अगदी त्या दुपारसकट. वहीत मात्र अजून लिहिलेला नाही. तो लिहिला की गुरुजींचं माझ्याकडचं काम संपेल, आणि त्यांनी मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. गुरुजी, आपण शंभरी गाठा, धडधाकट राहा, आणि दर भेटीला मला विचारत राहा. रकाना मी रिकामाच ठेवते आहे.