थरथर बंद पडल्याची तक्रार

“तुमचं मशीन खोटं बोलतंय की बाळाचं फुफ्फुस कडक होतंय, तेवढं सांगा. आजच सांगा,” डॉक्टर म्हणाले. मी अजून बूटही काढले नव्हते.

जालन्यातला लहान मुलांचा एक दवाखाना. मी व्हेंटिलेटर कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर, औरंगाबादहून एसटीने आलेलो. काचेच्या खोलीत आष्टीकडचं एक बाळ होतं, दिवस भरायच्या बरंच आधी जन्मलेलं. साध्या व्हेंटिलेटरवर भागेना म्हणून त्याला ऑसिलेटरवर ठेवलं होतं. साधं व्हेंटिलेटर आपल्यासारखा श्वास देतं. ऑसिलेटर मिनिटाला सहाशे वेळा हवेचे इवले धक्के देतं. छाती फुगत नाही, नुसती थरथरते. ती थरथर दिसली की आम्ही खूश.

अडचण मोजण्याची असते. एका धक्क्याला चहाच्या चमच्यात मावेल एवढी हवा आत जाते. नळीच्या तोंडाशी बसवलेला फ्लो सेन्सर ती मोजतो. ठरलेल्या जोराने किती हवा गेली, त्यावरून फुफ्फुस मऊ की कडक ते कळतं. नवा फुगा फुगवताना गाल दुखतात, एकदा फुगवलेला सहज फुगतो, तसंच. आत जाणाऱ्या हवेचा हा आकडा दोन दिवस सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला धाडकन पडत होता. फुफ्फुस खरंच कडक होत असेल तर प्रेशर वाढवायलाच हवं. होत नसेल आणि वाढवलं, तर फुफ्फुस फुटायची भीती. डॉक्टर चिडले होते ते उगाच नाही.

मी आधी वायरीवर संशय घेणारा माणूस. सेन्सर बदलला. नळीतलं पाणी काढलं. सिस्टरने बाळाला हाताने पंप करून श्वास दिला, तेवढ्यात मशीनला टेस्ट लंग, म्हणजे रबरी खोटं फुफ्फुस, लावून पाहिलं. आकडा बिनचूक. पाचच्या सुमाराला लाइट कमीजास्त होते का, विचारलं. सिस्टर म्हणाली, “सर, इथं लाइटला टाइमटेबल न्हाई.”

पावणेपाचला मी मशीनमागे पालथा पडून अर्थिंग तपासायला लागलो. पाचला भेटीची वेळ झाली. प्रत्येक बाळाचं एकच माणूस, हात धुऊन, दहा मिनिटं. या बाळाची आई सिझेरियननंतर अजून खाटेवरच होती, म्हणून आत्या यायची, चंद्रकलाबाई. मला जमिनीवरून तिची नुसती पावलं दिसत होती. एवढ्यात सिस्टर म्हणाली, “सर, आकडा पडला.”

मी उठलो ते डोकं आपटूनच. आत्याने बाळाची छाती तळहाताखाली घट्ट धरली होती आणि त्याला समजावत होती, “गप, राजा, गप.”

हात काढा म्हणालो. हात निघाला, आकडा वर चढला. दाबलेली छाती मशीनला कडक फुफ्फुसासारखीच वाटत होती.

आत्या माझ्यावरच उखडली. “दोन टाइम धरते म्हणून टिकलंय ते. लेकरू हुडहुडीनं थरथरून राह्यलं, अन् तुम्ही समदे मशीनकडं बघून राह्यलात.”

यातला दुसरा भाग खरा होता. सिस्टर आकड्याकडे बघत होती आणि मी वायरीकडे.

डॉक्टर प्रेशर वाढवायच्या तयारीनेच आत आले होते. ऐकल्यावर स्टुलावर बसले. थरथर मशीनची आहे हे आत्याला पटेना. शेवटी तडजोड झाली: छाती नाही, पाऊल धरायचं.

रिपोर्टात ‘खराब पार्ट’ असा रकाना होता. मी वैतागून ‘आत्या’ लिहिलं. हेड ऑफिसचं उत्तर आलं, हा पार्ट स्टॉकमध्ये दिसत नाही, कोड कळवा.

आठवड्याने ऑफिसात फोन खणखणला. आत्या. “साहेब, जल्दी या. थरथर बंद पडली. डॉक्टर म्हणतेत बराबर हाय, पर मला न्हाई पटून राह्यलं.” मागून डॉक्टरांचा आवाज आला. बाळाला सकाळी मशीनवरून काढलं होतं. ते आपलं आपण श्वास घेत होतं.

तरी मी गेलो. कंप्लेंट ती कंप्लेंट. आत्याला बाळापाशी उभं केलं. ती थरथर मशीनची होती, हा श्वास त्याचा स्वतःचा, असं सांगितलं. ती खूप वेळ छातीचं वरखाली होणं बघत राहिली.

“मंग इतके दिवस मी मशीनलाच गप करून राह्यल्ते का?”

हो म्हणालो. ती हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरून आले, ते मी सेन्सर पुसण्यात लपवले.

तेव्हापासून ऑसिलेटर लागला की मी आधी नातेवाइकांना गाठतो. बाळ थरथरणार आहे, हे त्यांना सांगतो. डॉक्टरांना ते माहीत असतं.