दोन डावे बूट

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. नाही करत? बरं, तरी सांगतो. कारण मी नाही सांगितलं तर मेधा सांगते, आणि बायकोने सांगितलं की तिखटमीठ जास्त होतं.

तर माझा स्वभाव जरासा संशयी आहे. जरासा म्हणजे काय, तर शेजारी हसून 'गुड मॉर्निंग' म्हणाला तरी मला वाटतं, याला काय हवंय? मेधा म्हणते, तू जन्मतःच असा. साफ खोटं! मला नागपूरने असं केलंय. नववीत होतो. देवळाबाहेरून माझ्या कोऱ्या करकरीत सँडल गेल्या. मे महिना, दुपारचे दोन, आणि तापलेल्या डांबरावरून मी घरापर्यंत टाचा उचलत, उड्या मारत गेलो. बॅले काय असतो ते मला खरं तर तेव्हाच कळलं होतं!

त्या दिवसापासून एक नियम. जोडी एका जागी सोडायची नाही. एक चप्पल पायरीशी, दुसरी पार तिकडे पाण्याच्या नळापाशी. चोर आलाच, तर एका चपलेचं काय लोणचं घालणार?

आता चला २००४च्या डिसेंबरात. आम्ही अमेरिकेत वेस्ट विंडसरला राहायचो. मेधाच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं, नाताळात मुलांना बॅले दाखवायलाच हवा. सई तेव्हा सहा वर्षांची, ओजस चार. त्या बॅलेत बर्फात नाचणारी एक परी असते, हे सईला शाळेत कळलेलं. झालं! आठवडाभर खपून तिने परीसाठी कार्ड केलं. चंदेरी चमकी इतकी ओतली की आमच्या वरणातसुद्धा चमकी सापडायला लागली.

"बाबा, आय हॅव टू गिव्ह इट टू हर. इन हर हँड!"

थिएटरच्या दाराशी मेधाने विचारलं. तिथला माणूस गोड हसून म्हणाला, प्रयोग चालू असताना कलाकार कुणाला भेटत नाहीत. सईचा खालचा ओठ बाहेर आला. बाप लोकहो, तुम्हाला माहीत आहे तो ओठ.

बाहेर घोटाभर बर्फ होता. मुलांच्या पायात स्नो बूट, आत गेल्यावर घालायचे चांगले शूज मेधाच्या पर्समध्ये. शूज बदलून झाल्यावर ती म्हणाली, "कोट आणि बूट त्या काउंटरवर दे. मी मुलांना बाथरूमला नेऊन आणते."

काउंटरवर पांढऱ्या केसांच्या एक आजी. सामान ठेवून घेतात, टोकन देतात. दार नाही, कुलूप नाही, नुसतं हसू. मी म्हटलं, हं! कोट जुने होते, गेले तर गेले. पण सईचे गुलाबी बूट, ओजसचे निळे, दोन्ही नवे! आणि बाहेर बर्फ! नागपूरच्या डांबराने पुन्हा तळवे भाजले हो माझे. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दोन डावे बूट कोटांच्या घडीत गुंडाळून आजींना दिले आणि दोन उजवे माझ्या कापडी पिशवीत सारले. टोकन घेतलं आणि सटकलो. असा खूश होतो म्हणून सांगू!

हॉलमध्ये माझ्या शेजारी मोत्याची माळ घातलेली एक बाई. बसल्यापासून माझ्या पिशवीकडे बघतेय. का बघतेय? मी पिशवी पायांमागे ढकलली. ती आणखी वाकून बघायला लागली. 

अंधार झाला, नाच सुरू झाला. सुंदर होता म्हणे. मला काय माहीत? मी त्या बाईवर नजर ठेवून होतो!

थोड्या वेळाने दोन माणसं टॉर्च घेऊन रांगारांगांमधून वाकून जमिनीवर काहीतरी शोधत यायला लागली. माळवाली त्यांच्या कानात कुजबुजली. घ्या! हिने चहाडी केली. पिशव्या आणायला बंदी असणार, आता आपल्याला बाहेर काढणार आणि सईची परी हुकणार. मी काय केलं? पिशवी उचलली, खुर्चीवर ठेवली आणि वर बसलो.

मागून एका बाईने खांद्यावर टकटक केलं. "सर, माझ्या मुलाला दिसत नाहीये."

"बॅक प्रॉब्लेम," मी म्हणालो आणि मान आत ओढून घेतली.

बर्फाचा नाच झाला, टाळ्या झाल्या, इंटरव्हल झाला. आणि थिएटरचा मॅनेजर स्टेजवर आला. त्याच्या एका हातात गुलाबी बूट, दुसऱ्या हातात निळा.

तो इंग्रजीत अगदी कळवळून म्हणाला, "मित्रहो, कोट टांगताना हे दोन बूट मिळाले. यांचे जोडीदार कुठेतरी पडलेत. बाहेर बर्फ आहे. दोन चिमुकल्यांना एका पायाने कसं जाऊ द्यायचं? प्लीज, आपापल्या खुर्चीखाली बघा."

अख्खं थिएटर वाकलं! माळवाली तर गुडघ्यांवर बसली. मीसुद्धा वाकलो. काय करणार? ज्याच्यासाठी सगळे वाकले होते, त्याच्यावर मी बसलो होतो!

इतक्यात सई खुर्चीवर उभी राहून किंचाळली, "बाबा! दॅट्स माय बूट!"

सगळीकडून "ऑऽऽ" झालं. मॅनेजर धावत आला. सईच्या हातातलं कार्ड बघून त्याला इतकं भरून आलं की म्हणाला, "चल, परीच तुला भेटेल."

सईचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! मेधाने मात्र माझ्याकडे बघितलं.

"पिशवीत काय आहे, अविनाश?"

"डबा."

"डबा गळतोय?"

आता सांगा, खरं बोलायचं कसं? खरं बोललो तर कार्ड पोरीच्या हातातच राहणार. पिशवी पाठीमागे धरून सगळ्यांच्या मागून चालत गेलो.

परी म्हणजे एकोणीस-वीस वर्षांची घामाघूम पोरगी. सईसमोर गुडघे टेकून बसली, कार्ड छातीशी धरलं, आणि स्वतःचे लोकरीचे जाड मोजे काढून दिले. "तुझ्या बूट हरवलेल्या पायासाठी," म्हणाली. काउंटरवरच्या आजी तिथेच उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी. "इतक्या वर्षांत माझ्याकडून काही हरवलं नव्हतं," असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. 

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून ओजस ओरडला.

"बाबा! यू वेट युअर पँट्स!"

बूट होते ना बर्फाने भिजलेले! मी लाजून गर्रकन वळलो, पिशवीचा बंद हातातून सुटला, आणि दोन उजवे बूट टपटप परीच्या पायाशी पडले.

"फाउंड देम!" ओजसने टाळ्या पिटल्या.

मग मी समजावून सांगायला लागलो. देऊळ, नागपूर, मे महिना, डांबर, एक इथे, एक तिथे. जितकं सांगावं तितका मॅनेजर मेधाकडे सहानुभूतीने बघायला लागला.

"मी पुण्याची आहे," मेधा त्याला म्हणाली. "माझा याच्याशी संबंध नाही."

परी मात्र पोट धरून हसली. आजींनी डोळे पुसले आणि चारही बूट नाडीला नाडी बांधून माझ्या हातात दिले. मी त्यांची माफी मागितली, अगदी मनापासून. निघताना परीने सईच्या प्रोग्रामवर दोन ओळी लिहून सही केली. 'सई, बुटांची काळजी करू नकोस. बाबांवर लक्ष ठेव.'

सईने ते फ्रेम करून घेतलं. आज चार वर्षं झाली, आमच्या हॉलमध्ये दारासमोरच लावलंय. येणारा प्रत्येक पाहुणा दारात बूट काढतो, आत येतो, ते वाचतो, आणि सई त्याला सगळा किस्सा सांगते. 

आणि मग जाताना तो पाहुणा काय करतो माहीत आहे? दारातले आपले दोन्ही बूट आधी मोजतो आणि मग संशयाने माझ्याकडे बघतो.