दीड तासाचं अंतर

पडघ्याहून कामाला येणाऱ्या, आमच्या गोदामातल्या डिस्पॅचच्या ताईंनी मला आईपर्यंत पोचवलं. हे आधी लिहितो, नाहीतर पुढे नुसती माझी घाबरगुंडीच लिहिली जाईल.

सकाळी नऊला नागपूरहून बहिणीचा फोन आला. आईच्या डोक्यात रक्त साकळलंय, तीनला ऑपरेशन, नंतर ती बोलेलच असं डॉक्टर सांगत नाहीत. आई सारखं माझंच विचारत होती. मी सातवीतून शाळा सोडलेला, विमानात कधी न बसलेला. मोबाईलवर पाहिलं : मुंबई ते नागपूर विमानतळ, सातशेच्या आसपास किलोमीटर, दीड तास. बहिणीला सांगून टाकलं, "एकला निघालो तरी पोचतो."

ताईंनी ऐकलं. "एकला? ती काय एसटी हाय, हात दाखवला की थांबायला?"

आमच्याकडे ट्रकची वेळ उलटी मांडतात. माल उतरवायची वेळ आधी, मग मागे मागे येत गेटपर्यंत. ताईंनी गेटपासच्या पाठीवर तसंच मांडलं. तीनला ऑपरेशन. पावणेतीनला दवाखाना. दोनला विमान उतरलं पाहिजे, म्हणजे साडेबाराचं. त्याच्या तासभर आधी तिथे हजर. त्याआधी सगळा रस्ता.

"नऊलाच निघायला हवं होतं. वाजले किती?"

सव्वानऊ. मी दाराकडे पळालो.

"कामतघरला खोलीवरून कपडे घेतो..."

"कपडे? नागपूरची दुकानं बंद पडली काय? आणि तो खिशातला कटर काढ आधी!"

खोकी फोडायचा कटर रोज खिशात असतो, माझ्या ध्यानातही नव्हतं. तो त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला, मोबाईलवर तिकीट काढलं, बहिणीचा नंबर लिहून घेतला आणि अंधेरीला निघालेल्या टेम्पोत मला बसवलं. ड्रायव्हरचाचा म्हणाले, "फ्लाइट पकडनेवाला माल पहली बार ले जा रहा हूँ. सील लगा दूँ?" मला हसता येईना. माणकोलीच्या पुलापाशीच गाडी अडकली. सातशे किलोमीटरला दीड तास, आणि इथे एका पुलाला अर्धा तास. तरी पावणेबाराला चाचांनी मला विमानतळाच्या दारात उतरवलं.

विमान उडालं तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पण खरी भीती निराळी होती. आता दीड तास मला कोणी काही कळवू शकणार नव्हतं. खाली काहीही झालं असतं, आणि मी खिडकीतून ढग बघत बसलो असतो. उतरल्यावर मोबाईल चालू करायला बोट धजेना. केला तर ताईंचा मेसेज : "बहिणीशी बोलले. अजून नेलं नाही. पळ."

स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी होतं. आईने माझा हात चाचपला. "एवढ्या लवकर कसा आला रे?" मग दार लागलं.

आई आता काठी धरून चालते, बोलते थोडं अडखळत. ताई अजून एकदाही विमानात बसलेल्या नाहीत. कधीतरी मी त्यांना नागपूरला नेणार आहे. त्या दिवशी कागद मी मांडीन. सगळ्यात वर लिहीन : दुपारी एक, आईच्या हातचं जेवण. आणि तिथून मागे मागे येत, पडघ्याला त्यांच्या दारात गाडी उभी करीन.