अर्हूची शिकवणी आणि सासूबाईंची जीभ

सासूबाई शाळेत भूमिती शिकवायच्या. तेहतीस वर्षं शिकवली. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, पण तोंडाचा पट्टा काही थांबला नाही. तो सगळाच्या सगळा घरात सुरू झाला. सुनेनं चादर घातली की कोपरा काटकोनात नाही. दार जोरात लावलं तर भिंती पडतील, हळू लावलं तर चोरासारखी वावरतेस. एकोणीस वर्षं सून हे ऐकत आली होती. एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायचं, असं तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. पण बाईंचा आवाजच असा खणखणीत, की दुसऱ्या कानापर्यंत जाताजाता मध्ये बरंच काही चिरत जायचा.

सून एका लाँड्रीत रफूचं काम करायची. लाँड्रीच्या मागच्या खोलीत खिडकीखाली तिचं टेबल. कसर लागलेले कोट, सिगारेटनं जळलेल्या बाह्या तिच्याकडे यायच्या. कोटाच्या आतल्या शिवणीतून ती त्याच कापडाचे दोरे काढायची आणि भोकावर एक आड एक विणत जायची. भोक कुठे होतं ते मालकालाच सापडू नये, एवढीच तिच्या कामाची परीक्षा.

मग एका सकाळी सासूबाईंच्या हातातून चहाचा कप निसटला आणि पाठोपाठ त्याही खुर्चीवरून कलंडल्या. अर्धांगवायू. तीन आठवडे हॉस्पिटलात काढून त्या घरी आल्या, तेव्हा उजवा पाय ओढत का होईना चालत होता, उजवा हात थोडाफार उचलला जात होता. जीभ मात्र गेली ती गेलीच.

"त्यांना सगळं समजतं," डॉक्टर म्हणाले. "शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट सापडत नाहीये. बोलत राहा त्यांच्याशी."

दर मंगळवारी एक स्पीच थेरपिस्ट यायची. ती चित्रांचे पत्ते दाखवायची. कप, कुत्रा, छत्री. तेहतीस वर्षं प्रमेयं सिद्ध करून दाखवलेल्या बाईंना छत्रीचं चित्र दाखवून "हे काय आहे बरं?" असं विचारल्यावर त्यांनी जे तोंड भिंतीकडे फिरवलं, ते ती जाईपर्यंत इकडे वळवलं नाही.

घर शांत झालं. ही शांतता आपणच कधीतरी मनात मागितली होती, हे आठवलं की सून उगाच भांड्यांचा आवाज करायची.

वरच्या मजल्यावर एक चिनी भाडेकरीण राहायची. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी, एकटी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त रोज संध्याकाळी सहा वाजता ती एक वाद्य वाजवायची. पूर्वी सासूबाई काठीनं छत ठोकायच्या आणि म्हणायच्या, "सुरू झालं हिचं रडगाणं!" आता मात्र सहा वाजले की त्यांची नजर छताकडे लागायची. वाजवणं सुरू झालं की पांघरुणावरची डाव्या हाताची बोटं हलायची. वाजवणं थांबलं की हात पुन्हा दगडासारखा. दिवसभरात तेवढा अर्धा तास बाई आपल्यात असतात, हे सुनेनं हेरलं. एकदा जिन्यात भेटल्यावर तिनं भाडेकरणीला तसं सांगितलंही.

तीन महिन्यांनी भाडेकरणीची बदली झाली. निघायच्या दिवशी ती एक लांबोडकी पेटी घेऊन दारात उभी राहिली.

"ताई, हे तुमच्या आईंसाठी," ती मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली. "माझ्याकडे दुसरं आहे."

"अहो, पण हे वाजवणार कोण?"

"तुम्ही."

सून हसायलाच लागली. "मला साधी शिट्टी वाजवता येत नाही!"

"माझी मावशी शिकवते. फोनवर. मी सांगितलंय तिला. रविवारी दहा वाजता." आणि ती निघूनही गेली.

पेटीत अर्हू होता, तेच ते संध्याकाळचं चिनी वाद्य. एक उंच बारीक दांडा, त्याच्या तळाशी डब्याएवढं सहा कोनी खोकं, खोक्याच्या तोंडावर अजगराचं कातडं. तारा दोनच. आणि गजाचे, म्हणजे वाजवायच्या काठीचे, केस त्या दोन तारांच्या मधून ओवलेले, त्यामुळे गज बाजूला काढून ठेवायचीही सोय नाही. सासूबाईंनी सहा कोन बघितले आणि त्यावरून डावा अंगठा फिरवला. सुनेनं तेवढ्यावरच ठरवलं: शिकायचं.

मावशी म्हणजे अडुसष्ट वर्षांची, आखूड पांढऱ्या केसांची बाई. नाटकमंडळीच्या वाद्यवृंदात तिची हयात गेली होती. फोनच्या पडद्यावर तिच्या मागे वॉशिंग मशीन दिसायचं. तिला सुनेची भाषा येत नव्हती, सुनेला तिची. मध्ये फोनवरचं भाषांतर. ते आपल्या मनाला येईल ते बोलायचं.

"तुमचं मनगट मेलेला मासा आहे," पहिल्याच दिवशी फोन म्हणाला.

सून हिरमुसली. मावशीनं जोरजोरात हात हलवून, स्वतःचं मनगट दाखवून, पुन्हा सांगितलं. फोन म्हणाला, "मासा चांगला. तुमचा मासा लाकडी आहे. कृपया मरा."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसत सुटल्या, की त्या रविवारी शिकवणी तिथेच संपली. मनगट सैल सोडायचं, एवढंच त्यातून कळायचं होतं.

पहिला महिना नुसता गज ओढण्यात गेला. सासूबाईंना त्रास नको म्हणून सून स्वयंपाकघराचं दार लावून, ओट्याला पाठ टेकून रोज अर्धा तास बसायची. वाद्य डाव्या मांडीवर, गज उजव्या हातात. आवाज असा यायचा की तिचे तिलाच दात शिवशिवायचे. नवरा लिफ्टा दुरुस्त करायचा. त्यानं एकदा दार किलकिलं करून आत डोकं घातलं.

"अगं, ग्रीस लावून बघ."

"अहो, राळ लावतात याला. चहा हवा असेल तर सरळ मागा."

रफूनं तिला बारीक बघायची सवय लावली होती, ती इथे कामी आली. या वाद्यात बोट कुठे ठेवायचं याची खूणच नसते. दांड्यापासून सुटलेल्या तारेवर हवेतच जागा शोधायची. ती जागा दोऱ्याएवढी. सूर आकड्यांनी लिहिलेले असायचे, एकपासून सातपर्यंत, ते ती लाँड्रीतल्या पावत्यांच्या मागे उतरवून घ्यायची. दोन महिन्यांत एक छोटीशी चाल जमेल न जमेल इथवर ती आली.

एका रविवारी मावशीनं विचारलं, "तुम्ही कुणासाठी शिकता?"

सुनेनं सांगितलं. जेवढं सांगायचं होतं त्याहून जास्त सांगितलं. सासूबाईंची जीभ, ती एकोणीस वर्षं, छताकडे लागलेली नजर, त्यांना त्रास नको म्हणून लावून घेतलेलं दार. फोननं त्याचं काय केलं देव जाणे. मावशीनं उलट एकच प्रश्न केला.

"मग दार का बंद?"

आपलं बेसूर वाजवणं आपल्यापाशी ठेवावं, एवढंच सुनेला वाटत आलं होतं. बाईंसमोर चुकायचं धाडस तिला अजूनही होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता ती खुर्ची घेऊन सासूबाईंच्या पलंगापाशी बसली. त्यांनी बघितलं. तिनं पावती पलंगाच्या कडेला टेकवली आणि सुरुवात केली. पहिली ओळ कशीबशी पार पडली. दुसऱ्या ओळीत बोट घसरलं. पुन्हा घेतली, पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा तर गज असा किंचाळला, की खिडकीतलं पाखरू उडालं.

"पुरे!"

सुनेनं मान वर केली. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं.

सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. आपल्याच तोंडून निघालेल्या शब्दानं त्या स्वतःही दचकल्या होत्या. ओठ पुन्हा हलले. "पु... पुरे!"

"अहो!" सून ओरडली. "अहो, धावा! आई बोलल्या!"

रात्रपाळीसाठी दाढी करत असलेला नवरा अर्ध्या फेसासकट धावत आला. "काय म्हणाली? आई, काय म्हणालीस?"

"पुरे म्हणाल्या! मला पुरे म्हणाल्या!" सून रडत होती, हसत होती, आणि एका हातानं वाद्य सांभाळत दुसऱ्या हातानं सासूबाईंचा हात दाबत होती. एकोणीस वर्षांत त्या बाईंच्या तोंडचा कुठला शब्द तिला इतका गोड लागला नव्हता. सासूबाईंच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंड मात्र रागावलेलंच.

थेरपिस्टला सांगितल्यावर ती मुळीच चकित झाली नाही. म्हणाली, "असं होतं. ठरवून बोलायला गेलं की शब्द अडतात, आणि भावनेच्या भरात कधीकधी निसटून येतात. ते पत्ते राहू देत. तुम्ही वाजवा. मी बाजूला बसते."

त्यानंतर शब्द आले ते एकेक करून, आणि आले ते सगळे रागावूनच. "चूक." "परत." "हळू, हळू." आठवडाभर अडखळून एक दिवस "बेसूर" हा आख्खा शब्द निघाला, तेव्हा नवऱ्यानं पेढे वाटावेत तसं फोन करून सगळ्या नातेवाइकांना कळवलं. सहा वाजताचा अर्धा तास पुढे तासभराचा झाला. बाई आधी उशीला टेकून ऐकायच्या, मग पलंगावर बसून, मग खुर्चीत. डाव्या हातानं त्या पांघरुणावर ठेका धरायच्या आणि सुनेचा ठेका चुकला की हात थांबवून बघत राहायच्या. ती नजर सुनेच्या ओळखीची होती. पूर्वी ती नजर दिसली की सून दुसऱ्या खोलीत निघून जायची. आता ती तिला बघायला मिळते आहे, म्हणून तिचा जीव भांड्यात पडायचा.

रविवारी सासूबाईसुद्धा फोनसमोर बसू लागल्या. सुनेनं वाजवलं की त्या म्हणायच्या, "वर. थोडं वर." फोन ते चिनीत सांगायचा आणि पलीकडे मावशी टाळी वाजवायची.

"तुमच्या आई बरोबर आहेत," ती म्हणायची. "मी सभ्यपणामुळे गप्प होते."

"बघा," सून नवऱ्याला म्हणाली, "आता एकीच्या दोघी झाल्या."

या सगळ्याची परतफेड कशी करावी हे तिला समजत नव्हतं. मावशी काही घ्यायला तयार नव्हती. आभार मानायला जावं तर फोन "मी तुमची कर्जदार भाची आहे" असलं काहीतरी बोलून मोकळा व्हायचा. मग एका रविवारी मावशीनं सहज आपला काळा कोट दाखवला. तो घालूनच ती रंगमंचापुढे बसायची. कोपरापाशी कसरीनं नाण्याएवढं भोक पाडलं होतं. टाकून द्यायचा म्हणत होती.

"टाकू नका!" सून जवळजवळ ओरडलीच. "आतली शिवण उसवा. खालची. दोरा काढा, सांभाळून, लांब हवा. बारीक सुई आहे ना?"

मावशी सुई घेऊन आली. सुनेनं एक जुनी बाही पडद्यासमोर धरली आणि स्वतः करून दाखवलं. आधी उभे दोरे ताणायचे, मग आडवा दोरा एक वरून, एक खालून. मावशीची बोटं अर्हूच्या तारेवर पाण्यासारखी फिरायची, पण सुईपुढे त्यांची पार भंबेरी उडाली. दोरा तुटला. पुन्हा काढला, पुन्हा तुटला.

"मनगट," सून म्हणाली. "सैल सोडा."

मावशीनं नाक मुरडलं आणि पुन्हा सुई उचलली. सासूबाई चष्मा लावून पुढे वाकून बघत होत्या.

"काटकोन," त्या म्हणाल्या. "दोरे काटकोनात हवेत तिला सांग."

आख्खं वाक्य. न अडखळता. सुनेनं त्यांच्याकडे बघितलं, पण या वेळी ती ओरडली नाही, नवऱ्यालाही हाक मारली नाही. तिनं फक्त खुर्ची त्यांच्या आणखी जवळ सरकवली आणि फोन असा धरला, की त्यांना कोट नीट दिसावा.

"सांगते, आई," ती म्हणाली, आणि तिनं मावशीला सांगितलं.

रफूला पाच रविवार लागले. सहाव्या रविवारी मावशी तो कोट घालून बसली, आणि वॉशिंग मशीनसमोर, पाठ ताठ करून, तिनं दोघींसाठी एक लांबलचक चाल वाजवली. सासूबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि एकही चूक काढली नाही.