कापलेली गाडी आणि गार्डबाबूंची वही

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या चोरीतला, हेही कधीकधी सांगता येत नाही. कापलेल्या गाडीचं प्रकरण मात्र तसं नाही. ते आठवलं की निवृत्तीनंतरही मी खुर्चीत ताठ बसतो आणि बायको म्हणते, "झालं, यांची गाडी सुरू झाली."

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. भोपाळहून फायली येत होत्या, फायलींमागून बाबू येत होते, आणि प्रत्येक बाबूला गाडी हवी होती. नवी गाडी सगळ्यांना कुठून परवडणार? पंडरीकडच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची दुकानं भराभर उघडत होती. प्रत्येक दुकानातली प्रत्येक गाडी 'डॉक्टरसाहेबांची, एकाच मालकाच्या हाती चाललेली' असायची. इतके डॉक्टर अख्ख्या छत्तीसगडात नव्हते. निम्म्या गाड्यांवर अजून मध्य प्रदेशच्या पाट्या, कागद एका गावाला, गाडी दुसऱ्या गावाला. गडबड करणाऱ्यांचं चांगलंच फावलं होतं.

मी त्या भागात ठाणेदार होतो. फसलेल्या लोकांना शहाणपण शिकवायची मला सोय नव्हती, कारण मीही अशीच एक डॉक्टरसाहेबांची गाडी गळ्यात बांधून घेतली होती. चौकात लाल दिवा लागला की ती तापायची. बायको विचारायची, "अहो, ही गाडी आहे की कुकर? तीन शिट्ट्या झाल्या की उतरायचं का?" गाडीचा एक दरवाजाही नीट लागत नसे. तो सरळ करून घ्यायला मी पंडरीतल्या एका म्हाताऱ्या डेंटरकडे जात असे. पत्र्याला पडलेले पोचे काढण्यात त्याचा हात धरणारा शहरात कोणी नव्हता. दोन-तीन दुकानदारांची कामंही तोच करी. पत्र्याच्या मागून एक लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हातोडी चालवायची, ही त्याची पद्धत. त्या ठोकळ्याचा एक कोपरा उडालेला होता. त्यामुळे पत्र्याच्या आतल्या अंगाला नखाएवढ्या चंद्रकोरी उमटत. "उस्ताद, नवा ठोकळा घ्या," मी एकदा म्हणालो. तो म्हणाला, "साहब, ये मेरे बाप का है. बाहर से कोई मेरी गलती दिखा दे, तब बदलूँगा." ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एका सकाळी अभनपूर रस्त्यावरचा एक भंगारवाला ठाण्यात आला. तो माझा जुना खबऱ्या. चेहरा असा की स्मशानातून आला असावा.

"साहब," तो म्हणाला, "एक मरी हुई गाडी आज मेरे सामने से चलके गई."

मी म्हटलं, सकाळी सकाळी घेऊन आलास का? पण तो शुद्धीवर होता. वर्षभरापूर्वी अपघातात चेंदामेंदा झालेली एक पांढरी व्हॅन त्याने स्वतः गॅसने कापून भंगारात घातली होती. तिच्या नंबरातले शेवटचे चार आकडे त्याच्या स्कूटरचेच होते, म्हणून तो विसरला नव्हता. त्याच नंबरची पांढरी व्हॅन त्याने पंडरीच्या चौकात पाहिली होती.

"तूच कापली होतीस? नक्की?"

"हव साहब, इन्हीं हाथों से."

जुन्या गाड्यांच्या धंद्यातली एक चाल मी ऐकून होतो. अपघातातल्या गाडीचे फक्त कागद विकत घ्यायचे. त्याच रंगाची, त्याच बनावटीची गाडी दुसऱ्या राज्यातून चोरून आणायची आणि तिच्यावर मेलेल्या गाडीचा नंबर ठोकायचा. ऐकून होतो, पण हातात एकही प्रकरण आलं नव्हतं. मी रोजनामच्यात नोंद घातली आणि साध्या वेशातले दोन शिपाई चौकात उभे केले.

दुसऱ्याच दिवशी व्हॅन सापडली. चालवत होते एक साठी उलटलेले गृहस्थ, मागच्या सीटवर त्यांची बायको. गृहस्थ मूळचे भंडाऱ्याकडचे, रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. वस्तीत सगळे त्यांना गार्डबाबू म्हणत. काकूंना पक्षाघात होऊन उजवी बाजू गेली होती. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात रोज पायाचा व्यायाम चालू होता. स्कूटरवर त्यांना बसता येत नव्हतं, म्हणून ही गाडी घेतलेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की खंड पडला तर पाय पुन्हा चालणं विसरेल.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त इंजिनामागच्या पत्र्यावरचा चेसिस नंबर पाहिला. रंग खरवडला तर खाली कानशीचे ओरखडे आणि आकडे वेडेवाकडे. गाडी जप्त केली. गाडीतल्या सामानाचा पंचनामा झाला. काकूंना शिपायाने हाताला धरून उतरवलं आणि बाकावर बसवलं.

गाडी विकणाऱ्या दुकानदाराला बोलावलं. पांढरेशुभ्र कपडे, बोलणं मधाचं. तो सगळे कागद घेऊनच आला होता. म्हणाला, "साहेब, अपघाताची गाडी मी घेतली, दुरुस्त केली, विकली. भंगारवाल्याने दुसरीच कुठली कापली असेल. मी दिली ती गाडी अस्सल होती. बुढ्याने माझी गाडी कुठेतरी खपवली आणि तिची पाटी या चोरीच्या गाडीवर चढवली. रेल्वेचा माणूस, गावोगाव ओळखी. आणि विचारा ना त्याला, तीन महिन्यांत तीन गॅरेजं कशाला बदलली?"

खरं सांगतो, मला ते पटलं. भंगारवाल्याने गाडी विनाकागद कापली होती, कोर्टात त्याचा शब्द टिकला नसता. वरून फोन आला, उद्या दुपारपर्यंत अटक दाखवा. मी गार्डबाबूंवर आवाज चढवला.

"तीन महिन्यांत तीन गॅरेज? कशाला?"

"साहेब, सेकंडहँड गाडी आहे न," ते म्हणाले. "पहिल्या महिन्यात पाणी पिऊन राहिली होती, दुसऱ्यात ऑइल, तिसऱ्यात माझं रक्त. एका मिस्त्रीनं सांगतलं रेडिएटर, दुसरा म्हणे हेडचं पॅकिंग, तिसरा म्हणे गाडीच बदला. मी काय करू?"

हे तर माझंच गाऱ्हाणं! पण खुर्चीत बसलेल्या माणसाला ते मोठ्याने म्हणता येत नाही. मी म्हणालो, "चोरीचा माल बाळगला म्हणून आत जावं लागेल."

त्यांनी काकूंच्या बाकाकडे हात केला. "मले टाका आत. पण हिचं काय? हिले दवाखान्यात कोण नेईल? काल पहिल्यांदा तिनं टाच टेकवली, साहेब."

त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी हजर राहायला सांगून मी घरी गेलो. जेवण गेलं नाही. चोर खोटं बोलताना गाडीची स्तुती करतो. हा माणूस गाडीला शिव्या घालत होता.

सकाळी दोघंही रिक्षाने आले. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "गाडी घेतली त्या दिवशी काय काय झालं, सगळं सांगा."

"टाइमासकट सांगू?"

"तीन महिन्यांपूर्वीचा टाइम तुम्हाला पाठ आहे?"

"पाठ काहून ठेवू? लिहून ठेवला आहे न. तीस वर्षं मालगाडीवर जर्नल लिहिलं. गाडी कुठं थांबली, काहून थांबली, किती मिनिटं. ते नाही लिहिलं तं गाडी चालली असं वाटतच नाही. या गाडीचंबी लिहितो."

मी उडालोच. "कुठे आहे ते जर्नल?"

"तुमच्याच जप्तीत. काल मागतलं तं तुमचा शिपाई खेकसला माझ्यावर."

मोहरिराने, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाने, मालखान्यातून पुडकं आणलं. पंचनाम्यात त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'एक जुनी वही, किंमत शून्य'. खाली सही माझी. मी पहिलं पान उघडलं. रेल्वेच्या शिस्तीत आखलेले रकाने, आणि त्यात लिहिलं होतं:

'दुकानाचे आवार. १०.१५ पूजा. १०.२० गाडीवरून नारळ ओवाळताना हातून निसटला, टपावर पोचा. १०.२५ ते ११.०५ थांबा. कारण, सेठच्या डेंटरने आतलं कापड काढून पोचा काढला. ११.१० रवाना.'

मी टेबलावर इतक्या जोरात थाप मारली की चहाचा कप कलंडला. बोनेट बदलता येतं, दरवाजा बदलता येतो. टप गाडीच्या सांगाड्याचाच भाग असतो. दुकानाच्या आवारात नारळ ज्या टपावर पडला तोच टप या गाडीवर असेल, तर दुकानदाराने विकलेली गाडी हीच. मग नंबर विकण्याआधीच बदललेला होता!

पण वही आरोपीची, अक्षर आरोपीचं. ती एकटी पुरेशी नव्हती. पत्र्यानेच साक्ष द्यायला हवी होती. आणि पंडरीत दुकानदारांची कामं करणारा डेंटर कोण, हे मला माझ्या लंगड्या दरवाजामुळे माहीत होतं. जीप पाठवली. उस्तादला काही सांगायचं नाही, फक्त हत्यारांची पिशवी घेऊन ये म्हणायचं, अशी ताकीद दिली.

बारा वाजायला आले होते. ठाण्याच्या आवारात व्हॅन आणि दोन पंच, त्यातला एक चहावाला, एक शाळामास्तर. दुकानदारालाही बोलावून खुर्ची दिली, चहा दिला आणि उस्ताद यायच्या आधी वहीतली नारळाची नोंद वाचून दाखवली. गार्डबाबू हाताची घडी घालून उभे, काकू बाकावर. मी दाखवलं तिथलं, पुढच्या सीटवरचं टपाचं कापड उस्तादने उकललं. वाळलेला गोंद आणि धूळ. पत्रा कोरा करकरीत.

दुकानदार हसला. "साहेब, नारळाच्या गोष्टी पुजाऱ्याला सांगाव्या."

मी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात बाकावरून अडखळता आवाज आला.

"भाऊ, पुढं काहून शोधता? मी मागं बसली होती न. पाय लांब करून. नारळ माझ्याच डोक्यावर वाजला."

उस्तादने मागचं कापड ओढलं. ते निघेना. त्याने पटाशी घातली आणि कापड चर्रकन फाटलं. मी डोकं आत घातलं. चंद्रकोरी! लहान लहान, एकाशेजारी एक, गोल धरून उमटलेल्या. मी पंचांना एकेक करून आत डोकावायला लावलं. मग उस्तादला म्हणालो, "तुमचा ठोकळा द्या."

ठोकळ्याचा उडालेला कोपरा त्या खुणेत कुलपात किल्ली बसावी तसा बसला. उस्ताद म्हणाला, "मेरा ही हाथ है, साहब. सेठ के यहाँ किया था, नारियल वाला. क्यों, फिर बैठ गया क्या?"

बिचाऱ्याला वाटलं, कामाची तक्रार आली आहे. मी हसायला लागलो, शिपाई हसायला लागले. फक्त दुकानदार हसत नव्हता. चहाचा कप त्याच्या हातात तसाच राहिला होता.

संध्याकाळच्या आत त्याने तोंड उघडलं. कागद कुठून घ्यायचा, गाड्या कुठल्या राज्यातून यायच्या, नंबर कोण ठोकायचा, सगळं सांगितलं. आणखी काही गाड्या सापडल्या. माझी गाडीही मी कसून तपासून घेतली. ती कुठल्याच डॉक्टरची नव्हती, पण चोरीचीही नव्हती. बायको म्हणाली, "चोरानेसुद्धा नाही घेतली ती."

गार्डबाबू आता आरोपी न राहता सरकारी साक्षीदार झाले. संशयातून सुटका झाली तेव्हा ते माझ्यासमोर उभे राहून रडले आणि मला माझीच लाज वाटली. कारण व्हॅन त्यांना परत मिळणार नव्हती. ती चोरीचीच होती. कोर्टाच्या हुकुमाने ती मूळ मालकाला सुपूर्द झाली. गार्डबाबूंनी त्या मालकाला शेजारी बसवून तिच्या सगळ्या खोडी समजावल्या. कुठलं नट ढिलं होतं, पाणी किती दिवसांनी बघायचं, हे पोरगी सासरी पाठवताना सांगावं तसं सांगितलं.

मग काकूंचा व्यायाम? पुढले काही महिने सकाळी ठाण्यात जाण्याआधी मीच त्यांना माझ्या कुकरमधून समता कॉलोनीत सोडत होतो. मेहेरबानी म्हणून नव्हे. किंमत शून्य, असं ज्यावर मी सही केली होती, त्याची ती भरपाई होती. गार्डबाबू शेजारी बसून वही लिहीत. 'पंडरी चौक, इंजिन गरम, सात मिनिटं थांबा. चालक साहेब, स्वभाव गरम.' मी वाचून दाखवा म्हणायचो आणि ते खुशाल वाचून दाखवायचे.

या प्रकरणाने मला चेसिस नंबर तपासायला शिकवलं, असं मी कार्यशाळांमध्ये सांगत असे. ते अर्धंच खरं. मी गाडी कोणाची हे विचारलं होतं, गाडी कशासाठी हे विचारलं नव्हतं. ते पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर तो माणूस वही मागत असताना त्याच्यावर कोणी खेकसलं नसतं.

एके सकाळी मी त्यांच्या घरासमोर हॉर्न वाजवला. गार्डबाबू एकटेच फाटकात उभे होते, हातात वही आणि पेन, नजर घड्याळावर. मी उतरायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. दारातून काकू बाहेर आल्या. भिंत नाही, काठी नाही, कोणाचा हात नाही. एक एक पाऊल टाकत अंगण ओलांडून त्या माझ्या गाडीपर्यंत आल्या आणि तो न लागणारा दरवाजा त्यांनी स्वतः उघडला.

गार्डबाबूंनी नोंद केली आणि वही माझ्यापुढे धरली.

'८.४० घर ते फाटक. विनाथांबा.'